बंद पडलेलं कॉमिकचं दुकान कागदावर कसं उभं करायचं

घरातलं खोडरबर आधी लपवून ठेवा. ओलं फडकं आणि सेलोटेपही. माळ्यावरून जुन्या कॉमिकांचा खोका खाली उतरला की माणसाला पहिली सुरसुरी येते ती साफसफाईची. मुखपृष्ठावर कुणीतरी पेन्सिलीनं खरडलेला आकडा पुसावासा वाटतो, किमतीचं लेबल नखानं सोलावंसं वाटतं, आणि पिशवी तर न बघताच कचऱ्यात जाते. आमच्या ताईनं तिच्या वाटणीच्या कॉमिकांचं हे सगळं केलं. तिची कॉमिकं आज माझ्यापेक्षा कितीतरी देखणी दिसतात, पण ती कुठून आली ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

साठ ते ऐंशीच्या दशकांत जी मराठी मुलं ब्रिटनमध्ये वाढली, किंवा नंतर शिकायला म्हणून इथे आली, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बोलण्यात एक तरी कॉमिकचं दुकान येतं. आता ते नसतं. आणि सगळ्यांच्या गोष्टीतलं दुकान अगदी सारखं असतं: अंधार, धूळ, जुन्या कागदाचा वास, गल्ल्यावर दाढीवाला. असं दुकान कुणाचंच नसतं. तुमचं दुकान हवं असेल तर कोणता रस्ता, कोणतं साल, बरोबर कोण होतं आणि खिशात किती पैसे होते, इथून सुरुवात करावी लागते. आठवणीला हे विचारू नका, ती बेधडक उत्तर देते. कागदाला विचारा.

माझंच सांगतो. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की, १९८२च्या उन्हाळ्यात बाबांनी मला लंडनच्या सोहो भागातल्या सेंट ॲन्स कोर्ट नावाच्या बोळात नेलं, तिथल्या 'डार्क दे वर अँड गोल्डन आइड' या दुकानात 'वॉरियर' या कॉमिकचा पहिला अंक घेऊन दिला, आणि बाहेर लख्ख ऊन होतं. लेकीला सांगितलं, तिच्या लग्नात व्याह्यांनाही सांगितलं. या एका वाक्यात तीन चुका निघाल्या. कशा निघाल्या, ते पुढे येईलच.

गठ्ठे करा

खोका जमिनीवर उपडा करू नका. वरून एकेक अंक उचला आणि ज्या क्रमानं होते त्या क्रमानं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेजारीशेजारी असलेले अंक बहुतेकदा एकाच दिवशी घरात आलेले असतात. अंक झटकू मात्र नका, आत काहीबाही असतं.

आता पेन्सिलीच्या खुणेवरून पहिली वाटणी करा. ब्रिटनमध्ये बहुतेक मुलांची कॉमिकं कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून घरपोच यायची. पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराला कळावं म्हणून दुकानदार वरच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं आडनाव किंवा घराचा नंबर लिहायचा. आम्ही १९७५ साली लंडनमधल्या निस्डनला राहायला आलो. आमचं आडनाव सहस्रबुद्धे. दुकानदारानं पहिल्या आठवड्यात 'सहास' लिहिलं, दुसऱ्या आठवड्यात 'साबुड', आणि तिसऱ्यापासून निमूटपणे '४७' लिहायला लागला. तो आमच्या घराचा नंबर. माझ्या खोक्यात ज्या अंकावर ४७ आहे तो घरपोच आलेला, ज्यावर नाही तो बाहेरून आणलेला. दुकान शोधायचं तर ४७ नसलेल्या गठ्ठ्यात. ताईनं पुसली ती हीच खूण.

दुसरी खूण रबरी शिक्क्याची. लंडनमध्ये पॉप्युलर बुक सेंटर नावाची सेकंडहँड दुकानांची साखळी होती. वाचून झालेलं पुस्तक वा कॉमिक परत नेलं की निम्मी किंमत मिळायची, आणि तसा शिक्का मुखपृष्ठावर मारलेला असायचा, अगदी नायकाच्या तोंडावरसुद्धा. गिरगावातल्या किंवा अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. एका अंकावर असे दोन-तीन शिक्के असले तर तो तितक्या वेळा फिरून तुमच्याकडे आला.

तिसरा गठ्ठा उरतो तो पेन्सिल नसलेल्या, शिक्का नसलेल्या, कोपरे धड असलेल्या अंकांचा. कॉमिकच्या खास दुकानातून आलेले हेच. हा गठ्ठा लहान असतो. माझा एकोणीस अंकांचा निघाला. आठवणीत मी त्या दुकानात आयुष्य काढलं होतं.

तारीख लावा

ब्रिटिश साप्ताहिकांवर तारीख छापलेली असते, पण ती जशीच्या तशी वहीत उतरवू नका. 'टू थाउजंड एडी'च्या पहिल्या अंकावर २६ फेब्रुवारी १९७७ आहे. तो दुकानात आला १९ फेब्रुवारीला. अमेरिकन मासिक अंकांचं याहून बिकट. त्यांच्यावरचा महिना मुळातच दोन-तीन महिने पुढचा असायचा, आणि जहाजानं येणारा माल इथे उतरेपर्यंत आणखी काळ जायचा. म्हणजे मुखपृष्ठावर जुलै असला म्हणून तुम्ही तो जुलैत घेतला, असं लिहून मोकळं होता येत नाही.

मुखपृष्ठाचा तुकडा उडाला असेल, तारीख गेली असेल, तर नाव पूर्ण वाचा. ब्रिटिश प्रकाशकांची जुनी खोड अशी की, एखादं कॉमिक खपेनासं झालं की ते दुसऱ्यात विलीन करायचं. त्या अंकावर लिहिलेलं असायचं, 'वाचकांसाठी आत मोठी आनंदाची बातमी!' मुलं शहाणी होती. आनंदाची बातमी दिसली की आपलं कॉमिक मेलं, हे सातवीतल्या पोरालाही कळायचं. पण मेलेल्याचं नाव काही काळ नव्याच्या पाठीला लटकत राहायचं, जसं लग्नानंतर काही बायका माहेरचं आडनाव मधे ठेवतात. 'स्टारलॉर्ड' १९७८च्या ऑक्टोबरमध्ये 'टू थाउजंड एडी'त गेलं, 'टॉर्नेडो' १९७९च्या ऑगस्टमध्ये. 'ईगल' १९५० साली निघालं आणि १९६९ साली 'लायन'च्या पोटात गेलं, 'लायन' १९७४ साली 'व्हॅलियंट'च्या, आणि 'व्हॅलियंट' १९७६ साली 'बॅटल'च्या. माशांच्या गोष्टीसारखं. तुमच्या फाटक्या पानावर जोडनाव जेवढं उरलंय, त्यावरून वर्ष तर नक्की लागतं, नशीब असेल तर महिनाही.

मग किंमत. १५ फेब्रुवारी १९७१ला ब्रिटनचं चलन दशमान झालं. त्याआधी पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगचे १२ पेन्स, आणि पेनीसाठी 'पी' न लिहिता 'डी' हे अक्षर. आपल्याकडे १९५७ साली आणे जाऊन नये पैसे आले तो गोंधळ घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे समजवावं लागत नाही. 'डी' दिसला तर अंक १९७१च्या आधीचा. अमेरिकन अंकावर सेंट छापलेले असून वर गोल शाईचा शिक्का नऊ किंवा दहा पेन्सचा असेल, तर तो बहुधा लेस्टरच्या थॉर्प अँड पोर्टर या वितरकांच्या हातून आलेला, १९५९च्या सुमाराला अमेरिकन कॉमिकांवरची आयातबंदी उठल्यानंतरचा. काही अंकांवर पेन्सची किंमत अमेरिकेतच छापून यायची. संग्राहक त्यांना पेन्स कॉपी म्हणतात. एके काळी त्यांना नाक मुरडायचे, आता तेवढी मुरडत नाहीत.

ॲलन क्लास या प्रकाशकाची कृष्णधवल कॉमिकं हाती आली तर मात्र मुकाट बाजूला ठेवा. १९५९पासून पुढची तीस वर्षं त्यांनी अमेरिकन गोष्टी पुन्हापुन्हा छापल्या, आणि अंकावर तारीख म्हणून नाहीच. किमतीवरून अदमास घ्यायचा. समुद्रकिनाऱ्याच्या गावातल्या दुकानांत ही हमखास मिळायची, त्यामुळे सुट्टीचा एखादा फोटो सापडला तर तेवढाच आधार.

ही दुकानं मुळात निघाली का, हे या टप्प्यावर समजून घ्यायला हवं, कारण तुम्ही तिथे काय शोधत होतात ते त्यावरून कळतं. पेपरवाल्याच्या फिरत्या स्टँडवर अमेरिकन अंक यायचे, पण सलग येत नसत. तीन अंक मिळायचे, चौथा गायब, आणि गोष्ट नेमकी चौथ्यात संपलेली. १९७२ साली 'माइटी वर्ल्ड ऑफ मार्व्हल' हे ब्रिटिश साप्ताहिक निघालं. अशा साप्ताहिकांत ज्या मालिका पुन्हा छापल्या जात, त्यांचे मूळ अमेरिकन अंक बऱ्याचदा इथे उतरवलेच जात नसत. संग्राहकांच्या याद्यांत अशा अंकापुढे 'एनडी' लिहिलेलं असायचं, म्हणजे इथे वितरित न झालेला. ही भोकं बुजवायला माणसं आधी टपालानं याद्या मागवायची, मग वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमधल्या कॉमिक मार्टला जायची, टेबलांवरची खोकी उपसायची. यातूनच दुकानं उभी राहिली. थोर पुस्तकविक्रीची परंपरा वगैरे काही नव्हतं. चौथा अंक पाहिजे होता.

तुमच्या तिसऱ्या गठ्ठ्यात एकाच मालिकेतले सुटेसुटे, मधलेच अंक असतील तर ते यामुळेच. कोणता अंक शोधत गेला होतात ते वहीत लिहा. त्यावरून बाकीचं आठवायला लागतं.

तीन खिळे

चित्र टांगायला एक खिळा पुरतो, आठवण टांगायला मी तीन वापरतो: दुकान कधी उघडं होतं, तिथे कसे गेलात, आणि अंक कधी छापला. तिन्ही जुळले नाहीत तर आठवण खोटी, कितीही गोड असो.

लंडनपुरते काही उघडण्या-मिटण्याचे तपशील देतो. 'डार्क दे वर अँड गोल्डन आइड' हे कॉव्हेंट गार्डनजवळच्या बेडफर्डबरीहून सोहोतल्या बेरिक स्ट्रीटवर आणि तिथून सेंट ॲन्स कोर्टात आलं, आणि १९८१ साली बंद झालं. 'फॉरबिडन प्लॅनेट' १९७८ साली डेन्मार्क स्ट्रीटवर २३ नंबरला निघालं, पुढे न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मोठ्या जागेत गेलं, आणि २००३पासून शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर आहे. 'गॉश' १९८६ साली ब्रिटिश म्यूझियमसमोर ग्रेट रसेल स्ट्रीटवर सुरू झालं आणि २०११ साली बेरिक स्ट्रीटला आलं. लंडनबाहेर तुमचं दुकान बर्मिंगहॅमचं 'नॉस्टॅल्जिया अँड कॉमिक्स' असेल, तर तुमचं शहर या बाबतीत लंडनच्याही पुढे आहे: ब्रिटनमधलं पहिलं कॉमिक संमेलन १९६८ साली बर्मिंगहॅमला भरलं होतं. नॉटिंगहॅमचं 'पेज ४५' १९९४चं आहे. ते आठवण्याच्या वयात यायला अजून वेळ आहे, सरळ जाऊन या.

आता माझा पहिला खिळा. 'वॉरियर'चा पहिला अंक मार्च १९८२चा. सेंट ॲन्स कोर्टातलं दुकान १९८१ साली मिटलं. मिटलेल्या दुकानातून मी अंक घेतला? लेकीनं हे दाखवून दिलं तेव्हा मी आधी तारखांशी भांडलो. माणूस भांडतोच. दोन दिवस गेल्यावर तो अंक काढून पिशवी पाहिली. पिशवी फॉरबिडन प्लॅनेटची. त्यांच्या पिशव्यांवर ब्रायन बोलंड यांचं चित्र असायचं, 'टू थाउजंड एडी'तल्या जज ड्रेडची चित्रं ज्यांनी काढली तेच, आणि ती रेघ मी झोपेतही ओळखेन. म्हणजे डेन्मार्क स्ट्रीट.

दुसरा खिळा भुयारी गाडीचा, आणि हा लंडनकरांना फार कामाचा. सेंट ॲन्स कोर्टातली माझी एक आठवण पक्की आहे: नकाशावरच्या तपकिरी रेघेवर बाबांचं बोट. निस्डनपासून ऑक्सफर्ड सर्कसपर्यंत स्टेशनं मोजत ते मला इंग्रजी आकडे म्हणायला लावत होते. तपकिरी म्हणजे बेकरलू. आमचं स्टेशन बेकरलूवर होतं ते १ मे १९७९पर्यंत. त्या दिवशी ज्युबिली सुरू झाली आणि आमची रेघ करडी झाली. तेव्हा बाबांबरोबर मी त्या बोळात गेलो होतो हे खरं, पण १९७९च्या मेच्या आधी, अकरा-बारा वर्षांचा असताना. 'वॉरियर' घेतला तेव्हा पंधराचा होतो. दोन फेऱ्यांची मनानं एकच करून टाकली होती. तुमच्या शहरातही असं काहीतरी सापडेल: बसचा बदललेला नंबर, पाडलेला पूल, एकेरी झालेला रस्ता.

मग १९८२ साली बरोबर कोण होतं? इथे अंक न झटकण्याचा उपयोग झाला. 'वॉरियर'च्या मधल्या पानांत एक निळसर कपटा होता. आजीच्या हवाई पत्राचा फाडलेला तुकडा, त्यावर गिरगावच्या टपालाचा जुलै १९८२चा शिक्का, आणि मागे आईच्या अक्षरात वाणसामानाची यादी: हिंग, चिंच, पोहे २ पौंड, कोकम मिळाल्यास. 'मिळाल्यास'खाली रेघ.

हे सामान आमच्याकडे यूस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवरून यायचं. तिथून टॉटनहॅम कोर्ट रोडनं खाली चालत गेलं तर डेन्मार्क स्ट्रीट वीस-पंचवीस मिनिटांवर. बाबा टपाल वर्गीकरणाच्या रात्रपाळीला होते, शनिवारी दुपारी झोपलेले असायचे. म्हणजे आईच. जिला कॉमिकं म्हणजे डोळे बिघडवायचे धंदे वाटायचे, ती आई.

विचारायचं कसं

घरच्यांना 'तुला ते दुकान आठवतं का?' असं विचारू नका. उत्तर 'कुठलं रे?' असं येतं आणि विषय मिटतो, नाहीतर माणूस तुमच्या समाधानासाठी हो म्हणतो, ते त्याहून वाईट. हातात काय होतं ते विचारा. पायांत काय होतं, भूक लागली होती का, येताना कोण चिडलं होतं. ज्यानं पैसे दिले त्याला आधी विचारा, त्याला जास्त आठवतं. आणि वस्तू दाखवायची ती शेवटी, नाहीतर माणूस वस्तूकडे बघून आठवण बनवतो.

आईचं वय आता ८६. मी फोनवर एवढंच विचारलं, "ड्रमंड स्ट्रीटवरून कधी मला घेऊन पुढे चालत गेली होतीस का?"

"गेले होते की. तुझं तोंड एवढं झालं होतं, दहावीसारखी कसलीशी परीक्षा पुढच्या वर्षी होती ना. म्हटलं, चल बाबा."

"कुठे गेलो?"

"त्या गिटारींच्या गल्लीत."

डेन्मार्क स्ट्रीट ही वाद्यांच्या दुकानांची गल्ली. मी तिला नाव सांगितलं नव्हतं. ही साक्ष मी लिहून घेतली, तारखेसह. तुम्हीही प्रत्येक साक्षीसमोर कोणी, कधी आणि कुठल्या प्रश्नावर सांगितलं ते लिहा. पुढे दोन साक्षी भांडायला लागल्या की उपयोग होतो.

बाबांचं विचारायला आता कोणी नाही. त्यांचं एकच वाक्य माझ्याकडे आहे. सेंट ॲन्स कोर्टात त्यांनी एका खोक्यातून युद्धाच्या गोष्टींची चिमुकली पुस्तकं उचलली, ती 'कमांडो'सारखी खिशात मावणारी, आणि म्हणाले, "ही आम्ही फोर्टातल्या फुटपाथवर उभ्या उभ्या वाचायचो, फुकट, पुस्तकवाला ओरडेपर्यंत." 'कमांडो' डंडीच्या डी. सी. थॉमसननी १९६१ साली काढलं आणि ते अजून निघतं. मुंबई-पुण्यातल्या रद्दीवाल्यांकडे आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांत ही ब्रिटिश युद्धपुस्तकं वर्षानुवर्षं फिरली. तुमच्या प्रतीवर अशा लायब्ररीचा शिक्का असेल तर तुमचं दुकान ब्रिटनमधलं नाही, ठाकुरद्वारचं वगैरे आहे, आणि कृती हीच, फक्त खोका कसरीनं जास्त खाल्लेला असेल.

दुकानात शिरा

आता कोरा कागद आणि पेन्सिल. दारापासून सुरुवात करा. दार आत उघडायचं की बाहेर? पायरी होती? वळताना कुठला हात कशाला लागायचा? माझा अनुभव असा की, डोळ्यांपेक्षा हातांना जास्त आठवतं. खोक्यातले अंक पुढून मागे ढकलत जायचं, मधे एखादा पुठ्ठ्याचा उभा तुकडा, त्यावर मालिकेचं नाव. ही हालचाल करून बघा, खरोखर हात हलवून. मी केली तेव्हा लक्षात आलं की, सेंट ॲन्स कोर्टातली खोकी माझ्या छातीशी येत होती आणि डेन्मार्क स्ट्रीटची कमरेशी. खोकी तेवढीच असतील, मी वाढलो होतो. म्हणून प्रत्येक नकाशावर तुमची त्या वेळची उंची लिहा. मला न पोहोचणाऱ्या फळीवर काय होतं? बोळातल्या दुकानात विज्ञानकथा, हौशी मासिकं आणि गूढविद्येची पुस्तकंही मिळायची हे मला पुढे वाचून कळलं. माझ्या नकाशात त्या फळीवर नुसती आडवी रेघ आहे, कारण मला दिसायची ती फळीची खालची बाजू. वाचलेलं नकाशात घुसवू नका. घुसवायचंच तर दुसऱ्या रंगात.

वास लिहिताना फार काव्य करू नका. जुन्या वर्तमानपत्री कागदात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं लिग्निन हवेनं आणि उजेडानं पिवळं पडतं. तो वास दुकानाचा नव्हे, तुमच्या माळ्याचाही असू शकतो. ओल्या लोकरी कोटांचा वास, सिगारेटचा धूर, ते दुकानाचे.

कागदपत्रांत खात्री करायची तर दोन वाटा. ब्रिटिश लायब्ररीचा वाचकपास फुकट मिळतो, आणि कायद्यानं प्रकाशकांना प्रत द्यावी लागत असल्यानं कॉमिकंही तिथे आहेत. फक्त आधी मागणी नोंदवून जा, वेळ लागतो. दुसरी वाट गोड प्लॅनची. हे खरंच त्याचं नाव आहे. गोड नावाची कंपनी बाजाररस्त्यांचे नकाशे काढायची, त्यात प्रत्येक गाळ्यावर दुकानाचं नाव लिहिलेलं. स्थानिक अभिलेखागारात विचारा. वेस्टमिन्स्टरचं अभिलेखागार मी गेलो तेव्हा सेंट ॲन्स स्ट्रीटवर होतं. सेंट ॲन्स कोर्टाशी त्याचा काही संबंध नाही. टॅक्सीवाल्याला मी काय सांगितलं असेल ते ओळखा.

जाऊन या

नकाशा काढून झाल्यावरच जा. आधी गेलात तर आजचं दुकान मनातल्या दुकानावर बसतं आणि मग ते उठत नाही. रविवारी सकाळी जा, सोहो तेव्हा झोपलेलं असतं. समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि वर बघा. तळमजल्याचं तोंड दर दहा वर्षांनी बदलतं, वरच्या मजल्याच्या खिडक्या आणि विटा बहुधा त्याच असतात. सेंट ॲन्स कोर्ट डीन स्ट्रीट आणि वॉर्डर स्ट्रीट यांच्या मधे आहे, इतकं लहान की बोलत बोलत गेलात तर पार निघून जाल. तिथून डेन्मार्क स्ट्रीट दहा मिनिटं. एलिझाबेथ लाइनसाठी टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनाभोवती एवढी उलथापालथ झाली की, जुन्या वळणाची सवय असलेले पाय चुकतात. गिटारी अजून आहेत, थोड्या. सेंट ॲन्स कोर्टाजवळच बेरिक स्ट्रीटवर 'गॉश'मध्ये शिरा, आणि नुसतं बघून बाहेर पडू नका, काहीतरी विकत घ्या. चालू दुकानात जाऊन बंद दुकानाचे उसासे टाकणाऱ्यांचा मला राग येतो.

घरी आल्यावर अंक नीट ठेवा. पॉलिएस्टरची पाकिटं, आम्लरहित पुठ्ठे, उभे, गार आणि कोरड्या जागी. पीव्हीसीची पाकिटं नकोत, लॅमिनेशन तर अजिबात नको. पुण्यातल्या माझ्या चुलतभावानं प्रेमापोटी 'बीनो'चे चार अंक लॅमिनेट करून आणले. ते आता ताटाखाली ठेवायच्या चटयांसारखे दिसतात. अंकात सापडलेला कपटा वेगळ्या पाकिटात ठेवा आणि कुठल्या पानांत होता ते पाकिटावर लिहा. दुकानाची प्लॅस्टिकची पिशवीही वेगळी. ती कालांतरानं चिकट होते आणि मुखपृष्ठाचा रंग ओढते.

डेन्मार्क स्ट्रीटचा नकाशा मी गेल्या महिन्यात आईला दाखवायला नेला. तिनं चष्मा लावून तो दोनदा फिरवून पाहिला.

"गल्ला इकडे कसा? डाव्या हाताला होता. मी तिथेच उभी होते."

"आई, उजवीकडे होता. मला चांगलं आठवतंय."

"पोह्यांची पिशवी होती माझ्या हातात. खाली ठेवता येईना, सगळ्यांच्या छत्र्यांनी फरशी ओली झाली होती. त्या मुलानं गल्ल्याच्या बाजूला सरकवून जागा करून दिली. डावीकडे."

लख्ख ऊनही गेलं. मी उठून तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात खोडरबर शोधायला लागलो.